चित्रांचा वाटा

चंदर गांगुर्डेला कुणी काय काम करता असं विचारलं की तो ‘फोटोचं’ एवढंच म्हणायचा आणि विषय बदलायचा. दिंडोरी रोडला मार्केट यार्डाच्या अलीकडे त्याचा स्टुडिओ आणि माझं फ्रेमचं दुकान भिंतीला भिंत लावून आहे. त्या टापूत सगळे त्याला मेलेल्यांचे डोळे उघडणारा म्हणून ओळखतात. तोंडावर कुणी म्हणत नाही. मी म्हणतो. मी सावळीराम, त्याचा शेजारी. त्याने उघडलेल्या डोळ्यांवर काच बसवायचं काम माझं.

हे प्रकरण शहरातल्या लोकांना जरा समजावून सांगावं लागतं. माणूस गेलं की दहाव्यापर्यंत त्याचा मोठा फोटो तयार लागतो. दहाव्याला त्याला चंदनी हार घालायचा, आणि मग तो घरात भिंतीवर कायमचा. आता घरोघरी मोबाइल आले, पण ऐन वेळी फोटो म्हणून मिळत नाही. म्हाताऱ्यांचे कुणी काढलेले नसतात. तरुणांचे त्यांच्याच मोबाइलमध्ये कुलूपबंद राहतात. आणि आधार कार्डावरचा फोटो तर ज्याचा असतो त्यालाही ओळखू येत नाही. मग अंघोळ घालून, टिळा लावून निजवलेल्या माणसाचा एखाद्या भाच्याने घाईत काढलेला फोटो येतो. डोळे मिटलेले, नाकात कापूस. ‘तेवढा कापूस काढा आणि डोळे उघडून द्या,’ असं लोक इतक्या सहज सांगतात की ऐकणाऱ्याला वाटावं, चष्मा पुसून मागतायत.

चंदर मूळचा निफाडकडचा. रविवार कारंज्याजवळच्या एका जुन्या स्टुडिओत तो ब्रशने फोटो सुधारायला शिकला आणि स्टुडिओ बंद पडल्यावर इकडे येऊन स्वतःचा थाटला. शर्टाची गळ्यापर्यंत बटणं लावलेली. मिसळीतली शेव आधी वेचून खाणार, मग रस्सा. काहीही विचारा, आधी ‘एक मिनिट’ म्हणणार. बायको हाक मारते, एक मिनिट. गिऱ्हाईक भांडतंय, एक मिनिट. मी त्याला म्हणायचो, चंद्या, यम आला तरी तू त्याला स्टुलावर बसवून ठेवशील. तो हसायचा आणि बनियनच्या फडक्याने कॉम्प्युटरची काच पुसायचा.

डोळे उघडायचे म्हणजे दुसऱ्याचे आणून बसवायचे. फोटोवाले बहुधा मुलाचे नाहीतर भावाचे घेतात. चंदरच्या पहिल्याच कामात गेलेल्या माणसाला मागेपुढे कुणी नव्हतं. तेव्हा हा पासपोर्टच्या स्टुलावर स्वतःच बसला आणि चांगुणाला, म्हणजे त्याच्या बायकोला, बटण दाबायला सांगितलं. नवीन लग्न होतं. तिला कॅमेरा धरता येईना, ती हसत होती, आणि हा तिच्याकडे बघत होता. त्या फोटोतले डोळे त्याने कापून घेतले, थोडे थकवले, थोडे पिवळसर केले आणि त्या अनाथ माणसाला लावले. असे चपखल बसले की न्यायला आलेला सरपंच म्हणाला, हा जिवंतपणी कधी एवढा माणसासारखा दिसला नव्हता.

झालं. तेव्हापासून अडचण आली की तेच डोळे. म्हाताऱ्याला सुरकुत्या जास्त, बाईला काजळाची रेघ, काळ्याला वेगळी छटा, गोऱ्याला वेगळी. पण बघणं तेच. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेच्या त्या उन्हाळ्यात तर लोक दवाखान्यातून व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले चेहरे घेऊन यायचे. चंदर मान वर न काढता डोळे लावत होता आणि मी खिळे ठोकत होतो. दिंडोरी, वणी, कळवण, कुठल्या कुठल्या घरांत ते डोळे गेले, त्याचा हिशेब त्याच्याकडेही नाही आणि माझ्याकडेही नाही.

मला त्या फ्रेमा एका रांगेत लावून ठेवायला आवडत नसे. काच पुसायला वाकलं की सगळे एकदम आपल्याकडे बघायचे. वाईट बघायचे असं नाही, उलट फार मायेनं बघायचे. त्याचीच जास्त भीती वाटायची. परकं माणूस रागावून बघत असेल तर आपण सरळ निघून जातो. मेलेलं परकं माणूस आपलं म्हणून बघत असेल तर काय करायचं, हे मला आजही कळलेलं नाही. मी सगळ्या फ्रेमा भिंतीकडे तोंड करून ठेवायला लागलो.

त्या उन्हाळ्यानंतर चंदर विचित्र बोलायला लागला. पिंपळगावचा एकजण आईचा फोटो द्यायला आला, त्याच्या आजोबांचा आधी चंदरनेच केलेला होता. त्याला हा म्हणतो, “आजोबांच्या फोटोखाली टीव्ही लावलात वाटतं. आवाज जरा कमी ठेवत जा.” तो माणूस बघतच राहिला. टीव्ही त्याने आदल्याच आठवड्यात आणला होता. मी म्हटलं, अरे, कुणीतरी बोललं असेल तुझ्याजवळ. चंदर म्हणाला, असेल. दुपारी खुर्चीत डोळे मिटून बसला की मधूनच म्हणायचा, “कुणीतरी उदबत्ती लावली.” किंवा, “ते बाळ पाळण्यातून पडणार बघ.” मी त्याला झोपेतून हलवल्यासारखा हलवायचो. तो झोपलेला नसायचा.

आणि त्याला दिसणं कमी व्हायला लागलं. आधी लहान अक्षरं गेली, मग समोरच्या दुकानाची पाटी गेली, मग माणसं जवळ येऊन बोलेपर्यंत कोण ते कळेना. डोळ्यांच्या डॉक्टरांनी थेंब टाकून, दिवे मारून सगळं पाहिलं आणि डोळे ठणठणीत आहेत म्हणून सांगितलं. चांगुणा हसली नाही. ती म्हणाली, “ठणठणीत असणारच. ते वापरात आहेत, दुसरीकडे.” मी चिडलो. देवाधर्माचं मी समजू शकतो, पण असलं बोलणं दुकानात नको. तरी त्या दिवशी मी फ्रेमांकडे पाठ करून बसलो नाही.

दिवाळी झाल्यावर कुसाबाई आली. वणीच्या पुढच्या एका वाडीवरची बाई, नवरा कधीचाच गेलेला, आणि एकुलता मुलगा दीपक गेल्या वर्षी विहिरीवरच्या मोटारीचा शॉक लागून गेला. मोबाइल खिशातच जळाला. दहाव्याचा फोटो चंदरनेच केला होता. आली ती बगलेत ती फ्रेम घेऊनच, लुगड्याच्या धडप्यात गुंडाळलेली.

“कुनाचं डोळं लावलं माझ्या पोराला?” तिने उभ्या उभ्या विचारलं.

“मावशी, बसा तर आधी,” चंदर म्हणाला.

“बसायला नाय आले. मालनबाईकडं पापड लाटायला गेल्ते. तिचा सासरा फोटोत हाय. म्हाताऱ्यानं माझ्याकडं बघितलं. आक्षी माझ्या दीपकवानी बघितलं. हातातलं लाटणं पडलं माझ्या. त्या म्हाताऱ्याला माझ्या पोराचं डोळं लावलं, का पोराला म्हाताऱ्याचं?”

मी मध्ये पडून काहीतरी सारवासारव करणार होतो. पण चंदर सरळ बोलला. “दोघांनाही माझे लावलेत.”

ती त्याच्या तोंडाकडे बराच वेळ बघत राहिली. मग धडप्याच्या टोकाची गाठ सोडून तिने एक पेन ड्राइव्ह टेबलावर ठेवला. “पुतन्याच्या लग्नाची शूटिंग हाय. त्यात दीपक हाय, डोळं उघडं असलेला. वर्षश्राद्धाला माझ्या घरात माझ्या पोराचंच डोळं पायजेत. दुसऱ्या कुनाचं नको.”

एवढंच तिचं मागणं होतं आणि ते रास्तच होतं. पण लग्नाची शूटिंग म्हणजे आजकाल सिनेमाच. वर उडणारा कॅमेरा काय, भारी रंग काय, फाइल एवढी जड की चंदरच्या कॉम्प्युटरने ती उघडताना अंगच टाकलं. नवरीची वरात दोन पावलं चालायची आणि थांबायची. मग चित्र हिरव्या ठोकळ्यांत फुटायचं आणि एक चौकट यायची, की ग्राफिक्सला मेमरी पुरत नाही. दीपक त्यात कुठे होता देव जाणे. चंदर काचेला नाक लावून बसला होता. त्याला ठोकळे आणि माणसं यांतला फरकही नीट दिसत नव्हता, ते मीच त्याला सांगत होतो.

शेवटी शौकतला बोलावलं. शौकत जुन्या नाशकातला, आमच्या दोघांच्याही वयाचा, अर्ध्या पंचवटीचे कॉम्प्युटर तोच बघतो. त्याने एक नजर टाकली आणि चहा सांगा म्हणाला.

“चंदरभाई, या मशीनला ग्राफिक्स कार्ड वेगळं नाही. ते प्रोसेसरच्या आतच आहे. त्याची स्वतःची मेमरी नसते. मशीनची जी रॅम आहे ना, त्यातलाच एक वाटा चित्रांसाठी काढून ठेवतात. तुमचा वाटा एकदम लहान ठेवलाय. पासपोर्ट फोटोला चालतो, शूटिंगला कसा पुरणार?”

“मग वाढव,” मी म्हटलं.

“वाढवतो. पण येणार कुठून? बाकीच्या मशीनचंच कमी होणार.”

त्याने मशीन बंद करून चालू केलं आणि चालू होता होता एक बटण दाबत राहिला. नेहमीच्या चित्राऐवजी एक काळंनिळं पान उघडलं. आत, आणखी आत, याद्यांमधून जात तो एका ओळीवर थांबला. तिथे पाचशे बारा एमबी, म्हणजे अर्धा जीबी, असं होतं. त्याने ते दोन जीबीवर नेलं.

“चार कर की,” मी म्हटलं. आपल्याला काय, फुकटचं असलं की जास्तच बरं वाटतं.

“चार दिले तर चित्रं पळतील, पण मशीन बसेल. त्यालाही स्वतःला उभं राहायला काही लागतं ना, सावळीरामभाऊ. शिवाय चित्रं जितकी पळवाल तितकी ती ओढतात.”

चंदर काचेपासून मागे सरला. तो म्हणाला, “एक मिनिट. दिलेलं परत घेता येतं का?”

“का नाही? इथेच यायचं, आकडा खाली आणायचा, सेव्ह करायचं. सगळं मशीनला परत.”

“आणि ज्याला दिलं होतं त्याला?”

शौकत हसला. “चित्राला काय कळतंय, चंदरभाई?”

मशीन पुन्हा चालू झालं. शौकतने ती शूटिंग उघडली. खिडकी आधी राखाडी झाली, आणि चित्र यायच्या आत, त्या राखाडीत दोन डोळे आले. सगळ्या काचेभर. आडव्या पट्ट्यांत कापलेले, थोडे सरकलेले, पण डोळेच. ते आमच्याकडे बघत होते, त्याच मायेनं. मग ढोल वाजला, नवरी आली आणि ते गेले.

मी चहाचा कप टेबलावर ठेवून दिला. शौकतने माझ्याकडे बघितलं आणि उगाच मोठ्याने बोलायला लागला. “होतं असं. मेमरीचा तो भाग पुसलेला नसतो, त्यात आधीच्या चित्राचं राहिलेलं दिसतं. नवं आलं की जातं.”

“पण आत्ताच बंद करून चालू केलंस ना?” मी विचारलं.

“तेवढ्यात पुरतं रिकामं होत नाही कधीकधी.” एरवी दुसरा कप मागणारा माणूस तो, त्या दिवशी पहिलाही अर्धा ठेवून गेला.

चंदरला मात्र भीती वाटली नव्हती. त्याचा चेहरा एखादं अडलेलं गणित सुटावं तसा झाला होता. “बघितलंस?” तो म्हणाला. “माझंही असंच सेटिंग झालंय. आहे तेवढंच आहे, वाटा वाढत गेला. बाकीच्या घरी फोटोला हार घालतात आणि विसरतात, तिथे फारसं जात नाही. ही मावशी दिवसभर बघत बसते. ती ओढते.”

“चंद्या, डोक्यावर परिणाम झालाय तुझ्या,” मी म्हटलं. पण माझा आवाज मलाच खरा वाटला नाही.

आता शूटिंग लोण्यासारखी सरकत होती. पंगतीत दीपक सापडला, केशरी फेटा बांधून जिलबी वाढणारा. वाकलेला, पाठमोरा, हसताना डोळे बारीक केलेला. सगळ्या लग्नात एकाच ठिकाणी तो मान वर करतो आणि डोळे पुरते उघडे, स्वच्छ दिसतात. मांडवाच्या दाराकडून कुणीतरी हाक मारली असावी, तिकडे तो बघतोय. मी बोट दाखवत गेलो आणि चंदरने माऊस धरून ते उचलले. जुन्या फोटोवर बसवले. हात अजून चांगला होता त्याचा.

कुसाबाई न्यायला आली तेव्हा तिने काचेवरून हात फिरवला. “हेच,” ती म्हणाली. “हाच रं माझा बाबा.” आणि पदर तोंडात कोंबून रडली. नवी फ्रेम तिने त्याच धडप्यात गुंडाळली आणि जुनी माझ्याकडे सोडून गेली. मी जुनीचे मागचे खिळे उपटले, फोटो काढला आणि प्लायवूडच्या तुकड्यांखाली पालथा घातला. मुद्दाम पालथा. तेवढ्यात भिंतीपलीकडून चंदर ओरडला.

“सावळ्या, समोरच्या टेम्पोवर काय लिहिलंय?”

“आई सप्तशृंगी प्रसन्न. का?”

“त्याच्या खाली?”

खाली काही होतं असं मला वाटत नव्हतं. मी रस्ता ओलांडून गेलो. कोपऱ्यात, नखाएवढ्या अक्षरांत, रंगवणाऱ्या पेंटरचं नाव होतं. मी परत येईपर्यंत चंदर ते मोठ्याने वाचत उभा होता.

दुपारी चांगुणा डबा घेऊन आली. तो खुर्चीतून उठला, तिच्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, “कुंकू तिरकं लावलंयस आज.” तिने डबा खाली ठेवला. हाताने कुंकू चाचपलं आणि ते पार पुसूनच टाकलं. मग दारात बसून ती एवढी रडली की समोरचा रसवाला धावत आला. ज्या माणसाला आपण रोज जेवायला वाढतो त्याला आपण दिसतच नाही, हे तिने इतके दिवस गिळलं होतं. मला ते तेव्हा कळलं.

तिने त्याच दिवशी ठरवलं. सगळ्या घरांना कळवायचं, फोटो सुधारून देतो म्हणायचं, आणि एकेक करून डोळे परत आणायचे. “ते माझ्याकडं बघणं होतं,” ती मला म्हणाली. “यांनी ते जिल्ह्याला वाटलं. मला किती उरलं?” चंदर ऐकत होता आणि समोर वर्तमानपत्र धरून लहान जाहिराती वाचत होता. पंधरवडाभर तो एखाद्या पोरासारखा वागला. रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला नावाने हाक. माझ्या दुकानात येऊन माझ्याच कामातल्या फटी दाखवायचा. मी वैतागायचो आणि मला बरंही वाटायचं.

वर्षश्राद्ध झालं आणि कुसाबाई परत आली. पुन्हा बगलेत फ्रेम. या खेपेला ती आपणहून स्टुलावर बसली. चांगुणा तिथेच होती, डबा उघडत होती.

“बाबा, तुझी काय चूक नाय,” कुसाबाई म्हणाली. “पोरगा माझाच हाय. डोळं बी त्याचंच हायेत. पन तो माझ्याकडं बघत नाय. मी चुलीपाशी बसले, दाराकडं बघतो. खाटंवर बसले, दाराकडं बघतो. निघायच्या घाईत असल्यावानी. भिंत बदलून बघितली, तिथूनबी भाईरच बघतो.” तिने फ्रेम मांडीवर पालथी घातली. “त्या दिवशी बी असाच बघत बघत गेला मोटार चालू करायला. एकदा गेला ते झालं. आता रोज रोज कसा जाऊ देऊ?”

चांगुणाने डब्याचं झाकण परत लावलं.

“जुना दे मला. डोळं कुनाचं का असंना. माझ्याकडं बघत व्हते. घरात मी एकलीच हाय, बाबा.”

“नाही द्यायचे,” चांगुणा म्हणाली. ती उठून उभी राहिली. “मावशी, ते डोळे यांचे आहेत. तुम्ही नेलेत की यांना दिसत नाही. हसू नका. मी बघितलंय.”

कुसाबाई हसली नाही. तिने चंदरच्या डोळ्यांकडे नीट बघितलं, मालनबाईच्या सासऱ्याकडे बघितलं असेल तसं. मग गुडघ्यावर हात टेकून उठली. “मंग ऱ्हाऊ दे,” ती म्हणाली. “ज्याचं त्याला ऱ्हाऊ दे.” आणि नवी फ्रेम तिथेच टेबलावर ठेवून रिकाम्या हाताने दाराकडे निघाली. घरी जाऊन ती मोकळ्या भिंतीकडे बघत बसणार, हे आम्हा तिघांनाही दिसत होतं.

“एक मिनिट,” चंदर म्हणाला.

मला त्याचा असा राग आला की काय सांगू. मी म्हटलं, “चंद्या, गाढवा, नाही म्हण. आयुष्यात एकदा कुणालातरी नाही म्हण.”

“तू जुना लाव फ्रेमला,” तो म्हणाला. “नवाही मागे ठेव, त्याच काचेत. तिचा आहे तो.” मग त्याने चांगुणाचा हात धरला आणि तिला दारात, उजेडात नेऊन उभं केलं. ती मान फिरवत होती, तो हनुवटी धरून सरळ करत होता, स्टुलावर बसलेल्या गिऱ्हाइकाची करायचा तशी. “रडू नको,” तो म्हणाला. “नीट बघू दे. हेच पुरवायचंय मला.” ती रडायची थांबली. हसायचा प्रयत्न केला तिने. किती वेळ तो बघत होता कोण जाणे, कुसाबाई पायरीवर पाठ करून बसली होती आणि मी माझ्या दुकानात काच पुसत होतो, पुसून झालेलीच.

प्लायवूडखालून फोटो काढून मी सुलटा केला. दीपकने माझ्याकडे बघितलं. मी खिळे ठोकले. शेवटचा खिळा बसला तेव्हा भिंतीपलीकडे खुर्ची पडल्याचा आवाज आला आणि चांगुणा म्हणाली, “इकडे, इकडे आहे टेबल.”

मी ती फ्रेम बाहेर नेऊन कुसाबाईच्या हातात दिली. ती आत गेली. चंदरच्या डोक्यावरून हात फिरवला आणि वणीच्या गाडीला गेली.

आता स्टुडिओ चांगुणा चालवते. पासपोर्ट फोटो, शाळेचे फोटो, तेवढं. डोळे उघडायचं काम घेत नाही. शौकत मध्ये येऊन गेला. म्हणाला, शूटिंगचं काम नसेल तर चित्रांचा वाटा परत खाली आणून देतो, मशीन जरा हलकं चालेल. चंदर खुर्चीतून म्हणाला, “राहू दे. दिलाय तो दिलाय.” तो दिवसभर तिथेच बसतो, बटणं गळ्यापर्यंत. कधी म्हणतो, शेगडीवर दूध उतू जातंय. कधी म्हणतो, आज तिने भाकरी केली नाही, चहावरच झोपली. कुणाचं विचारत नाही मी.

मागच्या महिन्यात द्राक्षं सुरू झाल्यावर कुसाबाई आली. पाटी भरून द्राक्षं आणली होती, कुणाच्या तरी बागेत कामाला जाते तिथली. पायरी चढताना तिने अजून तोंडातून शब्द काढला नव्हता. चपला तर पायरीखालीच काढल्या होत्या, पावलांचाही आवाज नव्हता. चंदर दुसरीकडे तोंड करून बसला होता, भिंतीकडे.

“खोकला थांबला का रात्रीचा?” त्याने विचारलं.

मी तिच्याकडे बघितलं. मला वाटलं, ती चमकेल, विचारेल, तुला कुणी सांगितलं. घरात तर ती एकटीच असते. तिने पाटी खाली ठेवली, पदराने कपाळ पुसलं आणि रोज ज्याच्याशी बोलतो त्याच्याशी बोलावं तशी म्हणाली, “थांबला रं दीपक. तू सांगितल्यापास्नं पानी गरम करूनच पिते.”

चांगुणाने तिच्यासाठी चहा ठेवला.